सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर

बिदरहून आमच्या संतपूरला तो माणूस आला, तेव्हा उन्हानं पार थकला होता. जुन्या बंदुकांची किंमत सांगायचा त्याचा धंदा. नाव मी विचारलंच न्हाई. सासऱ्यांचं निजामाच्या काळातलं रिव्हॉल्व्हर विकून यजमानांचं ऑपरेशन करायचं, एवढीच आस होती बघा.

त्यानं ते खिडकीपाशी धरलं, लोखंडावरनं अंगठा हळूच फिरवला आणि चष्मा काढून डोळे चोळत बसला.

"अक्का, दसऱ्याला घासायलाव काय हे?"

"व्हय तर! दर साली, चिंच अन् राख लावून. मळकं ठेवून पूजा करायची का, अण्णा?"

"इथं कंपनीचा शिक्का होता. किंमत त्याचीच असती. आता नुसतं लोखंड राहिलंय." मग दमल्या आवाजात म्हणाला, "घरोघरी हेच सांगत फिरायलोय."

आतून यजमानांनी विचारलं, "काय म्हणायलेत गं?"

मी उठाय लागले. त्यानं मी दिलेला चहा तसाच ठेवला. "तुम्ही बसा, अक्का. मीच सांगतो. मला सवय हाय."

आत जाऊन तो खाटेवर बसला, यांचा हात हातात घेतला, आणि किती तरी वेळ त्याला बोलताच आलं न्हाई.