मुक्या गाडीवरून एटापल्ली

इलेक्ट्रिक मोटारसायकल घेऊन गडचिरोलीच्या रानात जायचा विचार करत असाल, तर बॅटरीची काळजी सोडा. काळजी करायची ती माणसांची. बॅटरी कुठे ना कुठे भरता येते. पण रस्त्यात दर थांब्यावर जे फुकटचे परीक्षक गोळा होतात, त्यांना पुरून उरायचं तर घरूनच शिदोरीसारखी सहनशक्ती बांधून न्यावी लागते. माझी गोंडपिपरीलाच संपली.

मी चंद्रपूरला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. लेक पुण्यात नोकरीला, घरात मी एकटी. मागच्या दिवाळीत मी ही गाडी घेतली. स्कूटी नव्हे, चांगली टाकीबिकी असलेली मोटारसायकल. फक्त टाकीच्या जागी पेट्रोल नाही, एक खण आहे, त्यात चार्जर आणि माझा पराठ्यांचा डबा मावतो. पन्नाशीची बाई, डोक्याला स्कार्फ, त्यावर हेल्मेट आणि खाली ही आवाज न करणारी गाडी, म्हणजे आमच्या कॉलनीला वर्षभर चघळायला विषय मिळाला.

निघाले ते लक्ष्मीसाठी. लक्ष्मी पुंगाटी आणि मी एकाच होस्टेलमध्ये राहून नर्सिंग शिकलो. मी शहरात राहिले, ती एटापल्लीच्याही पुढे आपल्या मुलखात परतली आणि आता तिथल्या उपकेंद्रात सिस्टर आहे. नवऱ्याच्या जुन्या मोटारसायकलवरून ती रानातल्या वस्त्यांवर लसी टोचत आणि गरोदर बायांना तपासत फिरते. ती गाडी मरायला टेकली होती आणि पेट्रोल एटापल्लीहून बाटल्यांत भरून आणावं लागत होतं. माझ्या गाडीचा फोटो पाहून तिचा फोन आला.

"शबाना, तू घेऊनच ये. माह्या रस्त्यावर चालवून पाहीन, मंग ठरवीन. इथी सगळे नाई म्हणून राह्यले. म्हणतात, बाईमाणसाले रानात अशी गाडी कामाची नाई."

एवढं ऐकल्यावर मी बसून राहणार होते थोडीच! लक्ष्मीला ही गाडी पसंत पडायलाच हवी, असं मी चंद्रपुरातच ठरवून टाकलं होतं.

चैत्राचं ऊन म्हणजे आमच्याकडे गंमत नाही, म्हणून उजाडायच्या आत निघाले. बल्लारपूर, कोठारी आणि मग गोंडपिपरी. रस्ता बरा आहे. गोंडपिपरीच्या स्टँडजवळ तर्री पोहे खायला थांबले. प्लेट हातात येईपर्यंत गाडीला माणसांचा वेढा पडला होता.

"कितीत पडली?"

"एका चार्जिंगमधी किती देते?"

"पाण्यात करंट तं नाई मारत?"

"बाई, तुम्ही स्वतः चालवता? घरी माणूस नाई का?"

मी मुकाट्याने सगळ्यांना उत्तरं दिली. शिक्षिका असल्याचा हा तोटा आहे, प्रश्न आला की तोंड आपोआप उघडतं. पांढराशुभ्र शर्ट घातलेल्या एका गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "फसल्या तुम्ही." गाडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती, पण निकाल तयार होता. मग न विचारता ते सीटवर बसले. मी किल्ली काढली नव्हती, ही माझी चूक. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, असा हिशेब करून त्यांनी हौसेने मूठ पिळली. गाडीने टुणकन उडी मारली आणि हॉटेलवाल्याच्या पाण्याच्या माठाला जाऊन भिडली. माठ फुटला, गृहस्थांच्या पायजम्यावर पाणी सांडलं आणि ते उलट माझ्यावरच ओरडले.

"चालू होती तं आवाज काऊन नाई केला तिनं?"

म्हणजे गाडीने आधी खाकरून सूचना द्यायला हवी होती. हॉटेलवाल्याने आम्हा दोघांनाही सारखंच झापलं, हे मला अजून पटलेलं नाही. पोहे मात्र छान होते.

आष्टीला वैनगंगेचा पूल लागतो. उन्हाळ्यात नदी वाळूत हरवलेली असते. तिथे एका भोजनालयात गाडी चार्जिंगला लावली. टीप लिहून घ्या: लांब वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड बरोबर ठेवा, जेवण तिथेच घ्या आणि आधी मालकिणीशी बोला, मालकाशी नाही. मालक मीटरकडे बघत बसतो. मालकिणीने मला भात, तुरीचं वरण आणि आंबाडीची भाजी वाढली, पंखा माझ्याकडे वळवला आणि पंगतीतल्या प्रत्येकाला परस्पर सांगून टाकलं की या मॅडम सरकारकडून गाडी तपासायला आल्या आहेत. जाईपर्यंत मी सरकारच होते. खरं सांगायचं तर त्यामुळे प्रश्न थोडे कमी झाले.

आष्टीच्या पुढे लोहखनिजाचे ट्रक सुरू होतात. लाल धूळ दातांखाली कचकचते. ट्रकच्या मागे राहू नका आणि पुढे जायची घाईही करू नका. आलापल्लीवरून उजवीकडे थोडी वाट वाकडी करून अहेरीला मुक्काम केला. आठवडी बाजाराचा दिवस होता. म्हणजे वांगी, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या आणि मी, असे चार आकर्षणाचे विषय. सिरोंच्याकडचे एक आजोबा गाडीभोवती प्रदक्षिणा घालून खाली वाकले, इंजिन शोधलं आणि कळवळून तेलुगूत म्हणाले, "पेट्रोल लेदा?" म्हणजे पेट्रोल नाही का? नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने आपण डब्यात भाजी नसलेल्या पोराकडे पाहतो. लॉजवाल्याने चार्जिंगला नकार दिला, मग गर्दी पाहून होकार दिला आणि शेवटी गाडीजवळ उभं राहून स्वतःचे फोटो काढून घेतले.

एवढ्या सगळ्या माणसांनी किंमत विचारली, वेग विचारला, नवऱ्याबद्दल विचारलं. बाई, तुम्ही निघाल्या कुठे, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. याचा मला मनापासून राग आला होता.

दुसऱ्या दिवशी आलापल्ली ते एटापल्ली. जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं आणि रस्ता आपली पायरी ओळखून लहान होत जातो. दुपारच्या आत लक्ष्मीच्या अंगणात पोचले. तिचा नवरा दसरू बाहेरच बसला होता. त्याने जोहार केला, पाणी दिलं आणि गाडीकडे बघून फक्त, "मुकी आहे म्हणा," एवढंच म्हणाला. मला त्याचा हा सूर आवडला नाही. अंगणभर मोहफुलं वाळत घातली होती, त्यांच्या गोडसर वासाने डोकं जड झालं. लक्ष्मीने मात्र गाडीवरून हात फिरवला, आरशात तोंड पाहिलं आणि हसत म्हणाली, "सकाळी टोल्यावर लसीकरण आहे. हिच्यावरच जाऊ." टोला म्हणजे रानातली लहानशी वस्ती.

सकाळी फटफटायला आम्ही निघालो. लक्ष्मी चालवायला, मी मागे, मांडीवर लशींचा डबा. ती अशा सफाईने चालवत होती की मला वर्गातल्या सगळ्या पोरींना दाखवावंसं वाटलं. चढ आला, गाडी सरळ चढली. "शबाना, लोण्यासारखी चालते गं!" असं ती दोनदा म्हणाली. मी मनात दसरूला उत्तरं तयार करत होते.

पुढे डांबर संपून सागाच्या रानातली पायवाट लागली. खाली वाळलेल्या पानांचा थर, पापडासारखा. आजूबाजूला मोहाच्या झाडांखाली बाया वाकून फुलं वेचत होत्या. मोह वेचायला अस्वलही येतं, त्याच वेळी, त्याच झाडाखाली. म्हणून या बाया एकमेकींना अधूनमधून लांब हाळी देतात, "ओऽऽ", आणि दुसरीकडून उत्तर येतं. आपण इथे आहोत हे सखीलाही कळतं आणि अस्वलालाही. वाकलेल्या बाईची भिस्त कानांवरच असते, डोळे जमिनीवर असतात. हे सगळं लक्ष्मीने मला नंतर सांगितलं. त्या वेळी ती गाडीच्या कौतुकात होती आणि मी माझ्या.

तर त्या बायांना काय ऐकू आलं? इंजिन नाही, हॉर्न नाही, बोलणं नाही. फक्त पाठीमागून पानं चुरडत जवळ येणारं काहीतरी जड.

पहिली किंकाळी कुणाची ते कळलं नाही. टोपल्या उडाल्या, फुलं सांडली, कुणी डबा बडवायला लागलं, कुणी झाडाआड पळालं. एक काठी फिरत आली आणि माझ्या गाडीचा इंडिकेटर घेऊन गेली. दोन दिवस ज्या गाडीकडे माणसं मुंग्यांसारखी धावत होती, तिच्यापासून ही माणसं जीव घेऊन पळत होती. मी उतरून ओरडले, "अहो, गाडी आहे! अस्वल नाही, गाडी!" माझा इंडिकेटर गेला होता आणि मला तेवढंच दिसत होतं.

लक्ष्मीला वाटेवरच्या वस्तीतली सोमीबाई दिसली. म्हातारी मुळाला अडखळून पडली होती, मनगट धरून बसली होती. लक्ष्मीने गाडी तशीच टेकवली, धावत जाऊन मनगट चाचपलं आणि माझ्याच स्कार्फने बांधलं. हाड शाबूत होतं. सोमीबाईने लक्ष्मीला ओळखलं तेव्हा तिला जास्तच रडू आलं.

"तू होय, सिस्टर? मले वाटलं, आलंच आता. तुह्या गाडीचा फटफट आवाज आला नाई तं आम्ही कसं समजायचं?"

टोल्यावर पोचलो तर पाराजवळ कोणी नाही. एरवी लक्ष्मीची ती फाटक्या सायलेन्सरची गाडी नाल्यापलीकडे असतानाच टोल्यात ऐकू येते. बाया रानातून परततात, लेकरांची तोंडं पुसतात, पारावर येऊन बसतात. आज टोल्यातल्या कुणालाच सिस्टर आल्याचं कळलं नव्हतं. फोनला तिथे रेंज नाही. आम्ही घराघरांत फिरलो, बहुतेक घरांना कडी होती. काही पोरांना लस मिळाली, बरीच राहिली. रानात गेलेल्या एका पोटुशीला तपासायचं होतं, तिचा पाय सुजत होता. तीही भेटली नाही.

मी तरीही हार मानत नव्हते. मी म्हटलं, हॉर्न वाजवत जा. मी म्हटलं, स्पीकर बांध, गाणी लाव. लक्ष्मी डबा बंद करत माझं सगळं ऐकून घेत होती.

"हॉर्न तं वनखात्याची जीपही वाजवते, ठेकेदारही वाजवते," ती म्हणाली. "तो वाजला की बाया आत जातात. माह्या गाडीचा आवाज आला की बाहेर येतात. मले नाई जमणार हे, शबाना. तुही गाडी चांगली आहे. मले चोरावानी यायचं नाई."

परत येताना ती वाटभर बायांना हाळ्या देत आली. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि दसरूने संध्याकाळी एका शब्दानेही टोमणा मारला नाही, याचा सगळ्यात जास्त राग आला.

निघायच्या दिवशी लक्ष्मी पुन्हा त्याच टोल्याला जाणार होती, राहिलेल्या लेकरांसाठी. दसरूने तिच्या जुन्या गाडीचा प्लग घासून दिला. तिने किक मारली, मारली, शेवटी ती गाडी भुंकत, धूर ओकत सुरू झाली. शहरात असती तर मी नाक दाबून शिवी दिली असती. ती फाटकाबाहेर पडली आणि काही वेळाने लांब रानातून एक "ओऽऽ" आली. मग दुसरी, त्याहून लांब. मी माझ्या चमकत्या गाडीशेजारी उभी होते आणि त्यातली एकही हाळी माझ्यासाठी नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुळीमुळे नाही.

परतीचा रस्ता तोच, ट्रक तेच, प्रश्न तेच. आष्टीच्या मालकिणीने विचारलं, "झाली का तपासणी?" मी म्हटलं, "झाली. नापास." ती खूश झाली, कारण तिचा अंदाज आधीपासून तोच होता म्हणे. गोंडपिपरीला मी थांबले नाही.

तर या गाडीने जावं का? जा. खर्च नगण्य, पाठ दुखत नाही, चढ सहज चढतात. पण मोहाच्या दिवसांत रानात शिरलात तर तोंडाने बोलत जा, गाता येत नसलं तरी गा. गाडीच्या शांततेचं कौतुक मी यापुढे कुणाला सांगणार नाही. ज्याची कुणी वाट पाहत नाही त्याला ती शांतता फार सोयीची पडते, हे मला आता माहीत आहे.

चंद्रपूरला पोचले तेव्हा दिवस कलला होता. कॉलनीच्या फाटकातून मी रोज कुणाला न कळता आत शिरते आणि गाडी लावून कुलूप उघडते. त्या दिवशी जिन्याखाली गाडी थांबवली आणि लांबलचक हॉर्न वाजवला. वरच्या मजल्यावरच्या ठाकरेबाई धावत गॅलरीत आल्या, हातात पिठाची परात.

"काय झालं मॅडम? काऊन वाजवून राह्यल्या? गाडी बिघडली का?"

"नाही," मी म्हटलं. "मी आले."