डोलणारा शेंडा

लाकूडतोड्यांच्या टोळीत मुकादमाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यानं शिकवलेला पहिला नियम असा, की वारा नसताना शेंडा डोलताना दिसला तर तिकडे फिरकायचं नाही. कुणीतरी दोर ओढून झाड पाडतंय.

त्या दिवशी तो मेहुण्याला घेऊन लांबच्या घळीत झाडं हेरायला गेला आणि दरड कोसळली. मेहुण्याची मांडी फुटली. रक्त थांबेना. खाली ओढा गर्जत होता, त्यामुळे हाक पोचत नव्हती. लाकडं ओली, धूर होईना. मुकादमानं एका उंच झाडाच्या शेंड्याला दोर बांधला, पांढऱ्या सालीच्या पट्ट्या लटकवल्या आणि खाली उतरून दोर ओढू लागला.

"दाजी, आंधळ्यालाही दिसेल हे," मेहुणा म्हणाला.

"बोलू नकोस, दम लागेल."

"गप्प बसलो तर तुम्हाला वाटेल, गेला."

दुपारी समोरच्या कड्यावर त्यांना शोधायला निघालेली टोळीची माणसं दिसली. ती थांबली. एकानं शेंड्याकडे बोट दाखवलं. मग सगळी निमूट मागे वळली आणि लांबच्या वाटेला लागली. मुकादमानं दोर सोडला. ओरडून त्याचा घसा बसला, पण ओढ्यापुढे काही चाललं नाही.

माणसं ओढ्याकाठानं फिरून संध्याकाळी पोचली. तोवर मेहुणा गप्प झाला होता.

"शोधायला वेळेवर कुणीच आलं नव्हतं का हो?" घरी बायकोनं विचारलं.

"आले होते," तो म्हणाला. "माझं ऐकून परत गेले."