मोटारीतल्या पाटलीणबाई

पाटलीणबाई मोटारीत कधी टेकून बसल्या नाहीत. मागची बैठक चांगली गुबगुबीत, तिच्यावर मखमलीची खोळ, दोन्ही बाजूंना तक्के. पण बाई बसायच्या त्या बैठकीच्या अगदी काठावर, एक हात दाराच्या मुठीवर ठेवून. मोटार जरा हळू झाली की पुढं झुकून विचारायच्या, "काऊन थांबून राहिली?" गाडी चालवणारे गफूरमियाँ मान न वळवता सांगायचे, "रुकी नहीं बाईसाब, नाला है." मग बाई त्या नाल्याकडं अशा बघायच्या, की जणू तो मुद्दामच आडवा आला आहे.

त्यांचं नाव कौसल्याबाई. आमगावच्या बाजूचं एक गाव, तिथल्या मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, त्या विधवा. मूलबाळ नव्हतं. तेराव्या वर्षी त्या घरात सून म्हणून आल्या आणि पुढच्या बत्तीस वर्षांत फाटकाबाहेर पडल्या त्या दोनदाच. एकदा वडील गेले म्हणून, एकदा आई गेली म्हणून, आणि दोन्ही वेळा पडदा लावलेल्या छकड्यातून. पाटील मात्र मित्रमंडळी घेऊन काशी, पुरी, रामेश्वर सगळं हिंडून आले होते. "मी विचारो, कसं होतं जी देऊळ?" बाई मला सांगत होत्या. "तर म्हनत, दगडाचं होतं." एवढं बोलून त्या हसल्या, पण ते हसू लगेच संपलं.

पाटील वारले, मग मालगुजारी गेली. वर्षभर बाई गप्प होत्या. भात कापून झालं, शेताशेतांत धानाचे पुंजणे, कापलेल्या पेंढ्यांचे ढीग, उभे राहिले आणि एका सकाळी त्यांनी मोटार धुवायला सांगितली. मी त्या गावच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. भंडाऱ्याहून आलेली, तेवीस वर्षांची, एकटी. नाताळच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ती काळी मोटार शाळेच्या दारात येऊन उभी राहिली आणि काच खाली करून बाईंनी विचारलं, "मास्तरीणबाई, जुन्या दगडावरची अक्षरं तुमाले वाचता येते का?"

"थोडीफार," मी म्हणाले.

"थोडीफार लय झाली. सकारी तयार राहा. जेवढी जुनी देवळं, जेवढे किल्ले, सारे पाहायचे हायेत मले."

असा थाटाचा प्रवास मी आयुष्यात पुन्हा केला नाही. दोन बैलबंड्या चार दिवस आधीच पुढं रवाना झाल्या होत्या. त्यांत तंबू, सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, अंघोळीचा तांब्याचा हंडा, चांदीची ताटं आणि स्वयंपाकी महाराज. मोटारीत थर्मासमध्ये चहा, डब्यात अनारसे. मी माझी एकुलती एक पिशवी मांडीवर घेऊन संकोचून बसले होते. वाटलं होतं, आठ दिवस निवांत जातील. निवांतपणा हा शब्द बाईंना माहीतच नव्हता.

पहिला मुक्काम गोंदियाजवळच्या नागऱ्याला. महादेवाचं जुनं दगडी मंदिर. मी एका खांबावरची घासलेली अक्षरं लावायला बसले, दोनच अक्षरं लागली असतील, एवढ्यात बाई देवळाला फेरा मारून, दर्शन घेऊन, बाहेरच्या दगडांना हात लावून परत आल्या. "चाला."

"अहो बाई, पाहिलं कुठं अजून?"

"पाहिलं नं. अठून पुढं कोनता रस्ता जाते?"

प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न. देवळाची कथा कुणी सांगू लागला की त्या ऐकायच्या, मध्येच विचारायच्या, "एवढे दगड कोनं वाहून आनले? त्याईचं नाव कोठी हाय?" आणि उत्तर येण्याआधीच त्यांची नजर रस्त्याला लागलेली असायची. मला राग यायचा. तिसऱ्या दिवशी मी तो बोलूनही दाखवला. त्या म्हणाल्या, "तुमाले वाटते उद्या पन हे देऊळ अठीच राहील. राहील ना. पन मी राहीन काय?"

त्या असं का म्हणाल्या ते मला आमच्याच भागातल्या रानातल्या प्रतापगडावर कळलं. डोंगर चढायला डोली आणली होती, ती त्यांनी परत पाठवली. धापा टाकत, साडीचा ओचा वर खोचून त्या चढल्या. महादेवाला हात जोडले. गफूरमियाँ दर्ग्याकडं निघाले तेव्हा त्यांच्या मागोमाग त्याही गेल्या, डोक्यावरून पदर घेऊन तिथल्या बायकांत उकिडव्या बसल्या. मग किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "आपलं गाव कोनीकडं?"

मी उत्तरेकडं बोट केलं. त्यांनी तिकडं पाठ फिरवली आणि दुसऱ्या बाजूचं रान पाहत राहिल्या.

खाली उतरलो तर तंबूसमोर त्यांचे दीर नारायणराव बसलेले. बरोबर दोन माणसं. त्यांचा मधला मुलगा, चांगला माझ्या वयाचा, बाईंना दत्तक द्यायचा बेत त्यांनी परस्पर ठरवला होता. भटजींकडून सोमवारचा मुहूर्तही काढून आणला होता. तो सोमवार टाळायलाच बाई घरातून निघाल्या होत्या.

"वहिनी, झालं तेवढं हिंडनं पुरे," नारायणराव म्हणाले. "लोक हासून राहिले. सोमवारचं काम आटपलं की घरात बसून देवदेव करा. आजच निघू."

मला वाटलं, आता बाई रडतील नाहीतर भांडतील. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आधी जेवून घ्या. उपाशी कायले जाता?"

महाराजांनी पानं मांडली. चांदीच्या ताटात वरण-भात, वांग्याची भाजी, पुऱ्या. नारायणराव खूश होऊन जेवू लागले. बाई स्वतः वाढत होत्या. दुसऱ्यांदा भात वाढून त्या म्हणाल्या, "तूप आनतो, थांबा," आणि तंबूबाहेर आल्या. मी बाहेरच उभी होते. त्या माझ्याजवळून जाताना थांबल्यासुद्धा नाहीत. सरळ जाऊन मोटारीत बसल्या. गफूरमियाँनी एकदा त्यांच्याकडं, एकदा तंबूकडं पाहिलं आणि इंजिन चालू केलं.

"मास्तरीणबाई, येता का राहाता?"

नारायणराव शाळेच्या पंचांपैकी एक होते. माझी नोकरी त्यांच्या सहीवर होती. घरी भंडाऱ्याला आई आणि दोन लहान बहिणी माझ्या पगाराकडं डोळे लावून. हे सगळं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. तंबूतून आवाज आला, "वहिनी, तूप!" आणि मी धावत जाऊन मोटारीत शिरले. माझी चप्पल एका पायातून निसटली, ती तिथंच राहिली. तंबू राहिला, हंडा राहिला, घडीच्या खुर्च्या, चांदीची ताटं, महाराज, सगळं मागं राहिलं. मोटार मोठ्या रस्त्याला लागली. मग गफूरमियाँ हळूच म्हणाले, "बाईसाब, घी तो देना था." बाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

देवरीला पोचलो तेव्हा बाजार भरलेला होता. मोहफुलं, लाख, डिंक घेऊन रानातली माणसं आलेली. बाई मोटारीतून उतरल्या, गर्दीत शिरल्या आणि एका कढईसमोर उभ्या राहून पानावरची गरम भजी खाऊ लागल्या. लोक टकमका बघत होते. "उभ्यानं खाल्लं का चव येगरी लागते वं," त्या मला म्हणाल्या. त्याच बाजारात त्यांनी माझ्यासाठी चप्पल घेतली. एक बोट मोठीच होती. रात्री एका ओळखीच्या धानव्यापाऱ्याच्या घरी पाठ टेकली आणि उजाडताच पुन्हा निघालो.

कचारगडच्या गुहेला जायचं तर आमगाववरूनच रस्ता. आमच्या गावच्या फाट्यावर वडाखाली चारपाच माणसं उभी दिसली. मी खाली वाकले. बाई वाकल्या नाहीत. "गफूरभाऊ, थांबू नका," एवढंच म्हणाल्या. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी मागं धावलं, मग नुसती धूळ.

सालेकशाच्या पुढं डोंगर जवळ येऊ लागले. धनेगावला मोटार ठेवली. मडावी आडनावाचा एक म्हातारा गोंड वाट दाखवायला आला. रानातून, ओढ्यातल्या गोट्यांवरून आम्ही वर गेलो. गुहेच्या तोंडाशी त्यानं पायातलं काढायला लावलं. आत शिरलो तर केवढी ती गुहा! वर छताला भगदाड, त्यातून उजेड खाली पडलेला, आणि त्या उजेडात उडणारी पाखरं.

म्हातारा सांगू लागला. त्यांच्या लोकांचे मूळ पुरुष लहान लेकरं होती तेव्हा त्यांना या गुहेत कोंडलं होतं. तोंडावर मोठी धोंड लावली होती. पुढं त्यांच्या गुरूनं ती हलवली आणि ती सारी बाहेर पडली.

"किती वर्सं होती आत?" बाईंनी विचारलं.

"कोनाले ठाऊक, माय. आतच मोठी झाली म्हनतात."

"आन् बाहेर पडल्यावर? कोठी गेली?"

"चारही कोनाले गेली. एका जागी कायले राहातीन?"

बाई खाली बसल्या. आता 'चाला' म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या म्हणाल्या नाहीत. वरच्या भगदाडाकडं पाहत म्हणाल्या, "कागद हाय का तुमच्याजवर? लिवा."

मी मांडीवर वही ठेवून लिहिलं. त्यांनी सांगितलं ते असं: मी कोणाला दत्तक घेत नाही. माझ्या नावानं कोणी मुहूर्त काढू नये. घराच्या किल्ल्या नारायणरावांकडं राहू द्याव्यात, घर सांभाळायची त्यांना हौस आहे. मला शोधू नये. मग त्यांनी अंगठा पुढं केला. शाईची डबी नव्हती. मी पेनातली शाई त्यांच्या अंगठ्यावर ओतली. त्यांनी तो कागदावर दाबून धरला.

दरेकशाच्या स्टेशनवर त्यांनी मला तिकीट काढायला लावलं, देवीच्या डोंगरगडचं. त्या पूर्वी कधी आगगाडीत बसल्या नव्हत्या. बरोबर एक गाठोडं, बस्स. मोटार घरी नेऊन लावा, असं गफूरमियाँना सांगितलं. ते म्हणाले, "बाईसाब, मैं जहाँ बोलो वहाँ ले चलूँगा." बाई म्हणाल्या, "मोटारीले सारे वरखतात, भाऊ. मले कोनी नाई."

मी रडकुंडीला आले होते. "देवीचं दर्शन घ्या आणि उद्याच्या गाडीनं परत या. येता ना?"

"हो म्हनलं तर तुमाले बरं वाटन काय?"

"हो."

"तर हो," त्या म्हणाल्या आणि बायकांच्या डब्यात चढल्या. दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही गाड्या मी पाहिल्या.

पत्र मीच नारायणरावांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "हे अक्षर तुमचं?"

"हो. अंगठा त्यांचा."

दत्तकविधान झालं नाही. माझी नोकरी मात्र उन्हाळ्याआधी गेली आणि गफूरमियाँचीही. चार महिने मी भंडाऱ्याला आईची तोंडाकडं बघणारी नजर चुकवत काढले. मग गोंदियाच्या एका शाळेत लागले. तिथला पत्ता बाईंना कुणी दिला कुणास ठाऊक, पण कार्डं येऊ लागली. अक्षर दर वेळी वेगळं; कधी कुणा यात्रेकरूचं, कधी पंड्याचं, कधी हिंदीत, कधी मराठीत. मजकूर दोनतीन ओळींचा. "पुरीला आलो. देऊळ लय मोठं. उद्या निघतो." "अठी खांबावर हत्ती कोरले हायेत, एकाले बी दुसऱ्यासारखं तोंड नाई. तुमी पाहायला पाहिजे होतं." परतीचा पत्ता कधीच नसायचा.

एकदाच त्या स्वतः आल्या. रापलेल्या, वाळलेल्या, पायांत जाड वहाणा. माझ्या भाड्याच्या खोलीत एक कप चहा पिण्याएवढ्याच थांबल्या. खुर्ची, खाट, कोपऱ्यातला स्टोव्ह, सगळं पाहून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी काऊन अठीच बसून राहिल्या?" बहिणींची लग्नं, आईचं दुखणं, किती कारणं होती माझ्याजवळ! मी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांची गाडीची वेळ झाली होती.

पुढच्या थंडीत एका धर्मशाळेच्या व्यवस्थापकांचं कार्ड आलं. तापानं तीन दिवस आजारी होत्या, शुद्धीवर असताना तुमचा पत्ता दिला, अंत्यविधी रीतसर केला आहे. कार्ड घेऊन मी दिवसभर अस्वस्थ होते. कुणाला सांगावं ते कळेना. नारायणरावांना लिहिलं, पण तेवढ्यानं जीव शांत होईना. संध्याकाळी मोटारस्टँडवर गेले. गफूरमियाँ आता देवरीची बस चालवत होते. त्यांची बस सुटायच्या बेतात होती, माणसं चढत होती, वर टपावर पोती टाकत होते. मी खिडकीशी जाऊन सांगितलं, "पाटलीणबाई गेल्या."

त्यांनी चाकावरचे हात काढले. कशानं गेल्या, जवळ कुणी होतं का, यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "कहाँ तक पहुँची थीं?"

"द्वारकेपर्यंत."

मागून कंडक्टर घंटी वाजवत होता. गफूरमियाँनी हात पुन्हा चाकावर ठेवले. "द्वारका," ते म्हणाले. "उसके आगे तो समंदर है, बहनजी." आणि त्यांनी गाडी काढली.