चिठ्ठीतल्या खालच्या दोन ओळी

मला कुत्रा चावला तेव्हा मी दहावीत होते. आमच्या आळीच्या वळणावर तो नेहमी आडवा झोपलेला असायचा. रंगाने तांबडा, एका कानाचं टोक तुटलेलं. त्याला नाव नव्हतं, आणि कुणाचा म्हणावा तर तो कुणाचाच नव्हता. दुसऱ्या दिवशी चाचणी होती म्हणून मी शाळेतून येताना चालता चालता पुस्तक वाचत होते. पायाखाली काहीतरी मऊ आलं, कुत्रा केकाटला आणि त्याच क्षणी माझ्या पोटरीत दात रुतले. लगेच सोडलंही त्याने. दोन पावलं मागे सरून तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे.

घरी येऊन मी दोनच शब्द बोलले. "कुत्रा चावला."

ते खरंच होतं. फक्त त्याच्या आधी काय झालं ते मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. आईने जखम साबणाने धुतली, रिक्षा करून मला सरकारी दवाखान्यात नेलं, आणि आम्ही परत येईपर्यंत आळीत सगळी हकीकत तयार होती. कुत्रा माझ्या अंगावर धावून आला होता. पलीकडच्या काकूंनी तर त्याला माझ्यामागे धावताना डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या वेळी काकू मागच्या दारी भांडी घासत होत्या. मला आवाज ऐकू येत होता.

मी तेव्हाही कमी बोलायचे. आपण काही न बोललो की लोक आपल्या जागी बोलतात आणि मग तेच खरं होऊन बसतं, हे मला ठाऊक होतं. ते सोयीचंही असायचं. त्या दिवशीही सोयीचं वाटलं.

संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात चार-पाच पुरुष जमले. दोघांच्या हातांत दांडके होते. वडील मुंबईला नोकरीला, त्यामुळे घर काकांच्या शब्दावर चालायचं. काका दांडका घेऊन निघणार तेवढ्यात आई पडवीत आली.

"भावोजी, मारू नका त्याला. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस नजरेखाली ठेवा. धड राहिला तर काही नको. मेला, नाहीतर वेड्यासारखा करायला लागला, तर पोरीला पोटात चौदा इंजेक्शनं."

"आणि पिसाळलेला असला तर?"

"ते कळायलाच जिवंत हवा ना."

शेजारचे शिरस्तेदार दोन्ही घरांमधल्या दगडी गडग्याला टेकून ऐकत होते. कोर्टातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण आळी त्यांना शिरस्तेदारच म्हणायची. त्यांच्या कोंबड्या अधूनमधून नाहीशा व्हायच्या आणि त्यांचा संशय याच कुत्र्यावर होता.

"आरोपीला ताब्यात घ्या," ते म्हणाले. "जामीन देऊ नका म्हणजे झालं."

सगळे हसले. काका हसले नाहीत. "दहा दिवस," ते म्हणाले. "मग बघतो त्याच्याकडे."

सुंभाच्या दोरीने कुत्र्याला खळ्यातल्या फणसाला बांधलं. त्याने फारसा विरोध केला नाही. लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. चावलेली मी, इंजेक्शनं मला, तेव्हा ते साहजिकच होतं. भौतिकशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी रोज लिहायचे. पाणी प्यायला. भाकरी खाल्ली. दुपारी झोपला. लाळ नाही.

त्या दिवसांत माझा कुणावरच विश्वास राहिला नाही. आधी अर्थात कुत्र्यावर नव्हता. पाण्याच्या भांड्याकडे पाठ करून बसला की मी काठीने भांडं त्याच्यापुढे ढकलायचे. आईने ऐकून ठेवलं होतं की पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं. ती सकाळी चूल पेटवायच्या आधी विचारायची, "प्यायला का गो?" आणि मी हो म्हटल्यावर स्वतः जाऊन भांड्यात बोट बुडवून पाणी किती उतरलंय ते बघायची.

मग माणसांवरचाही उडाला. पलीकडच्या काकूंनी एकदा कागदात बांधून भात आणि माशांचे काटे आणून दिले. "घाल हो त्याला, बिचारा," म्हणाल्या. तीन दिवसांपूर्वी याच बाई त्याला ठेचून मारायला सांगत होत्या. मी तो भात हुंगला, बोटाने पसरून बघितला आणि शेवटी मागे खड्डा करून पुरला. शिरस्तेदार दिवसातून दोनदा गडग्यापाशी येऊन उभे राहायचे. ते काय बघतात ते मला कळायचं नाही.

सर्वांत जास्त संशय मला माझाच होता. मी त्याला बांगड्याचं डोकं घालत होते, त्याच्या दोरीला पीळ बसला तर सोडवत होते, ते कशासाठी? तो जगावा म्हणून, की माझ्या पोटात सुया जाऊ नयेत म्हणून? आणि बांगड्याचं काय? त्याचा मी कधी विचार केला होता? आमच्या घरात रोज मासळी यायची आणि मी ती आवडीने खायचे. आजही खाते.

तिसऱ्या दिवशी आईच्या लक्षात आलं की कुत्रा मागचा डावा पाय टेकत नाही.

"लंगडतोय," ती म्हणाली. "ऐकलंय मी, आधी मागचे पाय जातात."

काका येऊन वाकून बघून गेले. "आज-उद्या कळेलच," एवढंच म्हणाले. मी वहीत लंगडण्याचं काही लिहिलं नव्हतं. तो का लंगडतो ते जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. आईला दोन रात्री झोप लागली नाही. तरी मी बोलले नाही. आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलंस, हा प्रश्न येणार होता. सहाव्या दिवसापासून तो पाय थोडा थोडा टेकायला लागला.

नवव्या दिवशी संध्याकाळी काकांनी माळ्यावरून एक गोण काढून झटकली. दोरी शोधली. आईला म्हणाले, "परवा सकाळी खाडीवर जाऊन येतो. उद्या दहा पुरे होतात."

आईने मान हलवली. तिला कुत्र्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण तिच्यापुरतं काम झालं होतं. दहा दिवस त्या जनावराच्या जिवाला सगळं घर जपत होतं. पाण्याची, अन्नाची, सावलीची चौकशी होत होती. माझ्या काळजीपोटी त्याला दहा दिवसांचं आयुष्य मिळालं होतं, आणि ती काळजी मिटली की तेही संपणार होतं.

"काका," मी म्हटलं, "त्या चिठ्ठीत आणखी लिहिलंय."

डॉक्टरांची चिठ्ठी देवाच्या फळीवर होती. काका सातवीपर्यंत शिकलेले. त्यांचं मराठी अक्षर मोत्यासारखं, पण इंग्रजी कागद आला की मला हाक मारायचे. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच.

"काय लिहिलंय?"

मी चिठ्ठी उलगडली. खाली गिचमिड अक्षरात दोन ओळी होत्या. मी आधी इंग्रजीतून वाचलं आणि मग मराठीत सांगितलं. "देखरेखीखाली ठेवलेल्या जनावराला मुदत संपल्यावरही कुणी इजा करू नये. त्याची नोंद सरकारकडे आहे."

त्यातला एकही शब्द त्या ओळींत नव्हता. शाळेत आम्हाला एकदा इंग्रजी निबंध होता, प्राण्यांना माणसांसारखे हक्क असावेत का यावर. मी असावेत असं लिहिलं होतं. मोठमोठे शब्द होते त्यात आणि चांगले गुणही मिळाले होते, पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एकही प्राणी नव्हता. तीच वाक्यरचना त्या संध्याकाळी तोंडात आली. इंग्रजी वाचताना माझा आवाज ठाम होतो, मराठी बोलताना होत नाही. हे मला माहीत होतं आणि मी त्याचा फायदा घेतला.

काकांनी गोण खाली ठेवली. "सरकारकडे नोंद? कुत्र्याची?"

"असं लिहिलंय."

"दे इकडे ती." त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा काका बाजारात गेले होते. शिरस्तेदारांनी गडग्याच्या पलीकडून हाक मारली. "ये गो बाय जरा." त्यांच्या हातात ती चिठ्ठी होती आणि नाकावर चष्मा. काका ती त्यांच्याकडे वाचायला देऊन गेले होते.

"जखम कोरडी ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आहे," ते म्हणाले. "अक्षर वाईट आहे, पण एवढंच आहे. यात कुत्र्याचा कायदा कुठून आला?"

मी फणसाकडे बघत राहिले.

"तुझ्या काकाला अजून बोललो नाही. म्हटलं, आधी तुला विचारावं."

याचाही मला संशय आला. ज्यांच्या कोंबड्या जातात त्यांनी माझी बाजू का घ्यावी?

"कायदा आहे हो," ते म्हणाले. "जनावराला क्रूरपणे वागवू नये, असा आहे. पण मी एवढी वर्षं कोर्टात काढली, फार तर बैलाला पराणी टोचली म्हणून गाडीवाला उभा राहिलेला पाहिला. कुत्र्याच्या बाजूने बोलायला येणार कोण? त्याला स्वतःला तर बोलता येत नाही." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. "बरं, मला सांग. का चावला तो तुला?"

दहा दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मी पाय दिला त्याच्यावर," मी म्हटलं. "वाचत चालले होते."

"कुठे दिलास?"

"मागच्या पायावर. डाव्या."

ते खळ्यातल्या कुत्र्याकडे पाहत राहिले. "आणि तुझी आई त्या लंगडण्यावरून रडत होती. आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं."

मला वर बघवेना.

"हे काकाला तू सांगायचं," ते म्हणाले. "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ती ऐकीव गोष्ट झाली."

"आणि कोंबड्या?" मी विचारलं. तोंडातून गेलं तेव्हा मलाच नवल वाटलं.

"कोंबड्यांचं निराळं. त्याचा पुरावा मला अजून मिळालेला नाही." त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "मिळाला तर मी काय करीन ते विचारू नकोस."

त्या संध्याकाळी काका पडवीत चहा पीत होते तेव्हा मी सांगितलं. आई दारात उभी होती. आधी पाय दिल्याचं सांगितलं, मग लंगडण्याचं, मग चिठ्ठीचं. मराठीत सांगत असल्यामुळे वाक्यं तुटत होती. काकांनी कप खाली ठेवला. आई आत गेली, आणि दोन दिवस तिने मला जेवण वाढलं ते माझ्याकडे न बघता.

"म्हणजे त्याची चूक नव्हती," काका म्हणाले.

"नव्हती."

"मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं तुला?"

ते उठले, फणसापाशी गेले आणि त्यांनी दोरी सोडली. कुत्रा उठला, अंग झटकून पुन्हा तिथेच बसला. काकांनी त्याला हाकललं नाही. गोण माळ्यावर गेली.

मी जिंकले असं कुणाला वाटेल. मला तसं वाटलं नाही, अजून वाटत नाही. तो सुटला, कारण चूक माझी निघाली. समजा मी पाय दिला नसता आणि तो उगीचच, त्याच्या मनात आलं म्हणून चावला असता, तर मी काकांना काय सांगितलं असतं? माणसाने चूक केली तर त्याला लगेच कुणी गोणीत घालत नाही. आधी विचारतात, ऐकून घेतात, मुदत देतात. मी तर कुत्र्याला तुडवलं होतं, घरच्यांशी खोटं बोलले होते, आणि मला शिक्षा झाली ती दोन दिवसांच्या अबोल्याची. त्याला जगायचं तर आधी निर्दोष ठरावं लागलं. तेही त्याला जमण्यासारखं नव्हतं. ते माझ्या हातात होतं आणि मी दहा दिवस मूठ उघडली नाही. माणसांसारखे हक्क प्राण्यांना असावेत का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण ते हक्क माझ्यासारख्यांच्या हवाली असू नयेत, एवढं मला वाटतं.

आळीत मात्र कुत्र्यावरचा संशय निवळला. पलीकडच्या काकू त्याला उघडपणे भात घालायला लागल्या. धावत येताना पाहिल्याचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी, रविवारी सकाळी, काकांनी कपाटातून आपली एक फाइल काढली. दिवाळीआधी ते छातीत दुखतं म्हणून मुंबईला तपासून आले होते. तो इंग्रजी अहवाल मीच वाचून दाखवला होता. काळजीचं काही नाही, असं त्यात होतं, आणि तेच मी सांगितलं होतं. मी समोर अभ्यास करत बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, फाइल काखोटीला मारली आणि गडगा ओलांडून शिरस्तेदारांकडे गेले.

खिडकीतून मला दिसत होतं. शिरस्तेदारांनी चष्मा लावला, पानं उलटली, हळूहळू वाचून दाखवलं. मी वाचलं होतं तेच असणार, दुसरं काही त्यात नव्हतंच. काकांनी एका ठिकाणी बोट ठेवून पुन्हा वाचायला लावलं. शिरस्तेदारांनी पुन्हा वाचलं. मग काका उठले आणि घरी आले. ते माझ्याजवळून आत गेले. मला वाटलं काहीतरी म्हणतील. त्यांनी फाइल कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं.