यादीत नसलेला फोन

फोन खराब नव्हता. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. तरी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मी त्या विद्यार्थिनीला म्हणालो, "असले स्वस्तातले डबे आणता आणि लॅबच्या लिनक्सला नावं ठेवता?"

वर्ग हसला. परीक्षकही हसले.

जळगावच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. तिची आई सावद्याला केळीच्या गाड्या भरते. तिथल्या बायकांची हजेरी मांडणारं ॲप तिने वर्षभर खपून केलं होतं. ते चालवून दाखवायचं, नाहीतर नापास. तिने फोन यूएसबीने लॅबच्या कॉम्प्युटरला जोडला. स्क्रीनवर आलं, 'नो परमिशन्स'.

कोणत्या कंपन्यांचे फोन विद्यार्थ्यांना जोडता येतील, ती नियमांची फाईल माझीच; वाचता सगळ्यांना येई, बदलता फक्त मला. कंपनीगणिक एक नंबर. मी चार टाकले होते, माझ्या आणि स्टाफच्या फोनचे. बाकीच्यांचा विचारच केला नव्हता. सगळे अधिकार देणारा रूटचा पासवर्ड माझ्याकडे. एक ओळ वाढवायची, फोन काढून पुन्हा जोडायचा, झालं. पण मग परीक्षकांना माझी चूक दिसली असती.

"शेजारच्या बाकावरच्या त्या शेठच्या मुलाचा फोन घे, त्याचा चालतो," मी म्हणालो.

तिने तो हातात घेतला नाही. "नही, सर. मना फोन खराब नही शे. तुमनी यादीमा त्याना नंबर नही शे."

तिच्या नावापुढे शून्य पडलं.

सोळा वर्षांचा असताना धुळ्यात कॉम्प्युटरच्या क्लासला जायचो. कीबोर्डला हात लावला तर मालक ओरडले, "आधी हात धुऊन ये. आणि तू नुसतं बघ." इतर पोरं टाइप करत होती. मी हात धुतले नाहीत. उठलो, निघालो, परत गेलो नाही. ही गोष्ट मी दरवर्षी नव्या मुलांना छाती पुढे काढून सांगायचो. यंदा तोंड उघडेना.

परीक्षेनंतर तिसऱ्या दिवशी प्राचार्यांना लेखी दिलं: चूक माझ्या फाईलची, परीक्षा पुन्हा घ्या, माझ्यावर हवी ती कारवाई करा. मग चारही नंबर पुसले. लॅबमध्ये बसणाऱ्या कुणाचाही फोन चालेल असा नियम लिहिला. यादी पुन्हा करणार नाही.

नंतर त्याच वर्गात तिच्या बाकासमोर उभा राहिलो.

"तुझा फोन चांगला होता. मला माहीत होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात, सर?"

"भ्यालो. माझी लाज वाचवायला सगळ्यांना तुझ्यावर हसू दिलं. माझं चुकलं. मला माफ कर."