मिद्यानची विहीर

काल माळ्यावर सर्व्हेचा जुना टेप सापडला. उघडला तर आतून वाळू सांडली आणि बायबलातली मिद्यानची दरी आठवली. सौदीत तेलाचा पैसा आला तेव्हा आम्ही तिथे रस्ता आखत होतो. दोन्हीकडे उघडे डोंगर, मध्ये कोरडं पात्र, कातळात कोरलेली प्राचीन थडगी. वाटेत दगडी काठाचा, वाळूनं भरलेला खळगा लागला. मी नकाशावर लिहिलं, ‘खड्डा, बुजवणे.’

टेपचं दुसरं टोक धरणारे दापोलीचे हसनभाई म्हणाले, “साहेब, खड्डा नाय, विहीर हाय ही. मूसा नबींनी इथंच मेंढरांना पाणी पाजलं, असं इथले लोक सांगतात.” मूसा म्हणजे बायबलातला मोझेस.

मी वाकून पाहिलं. काठावर दोरानं पडलेल्या खोल खाचा होत्या. मी लिहिलेलं खोडलं.

आमच्या राजापूरच्या विहिरीलाही अशाच खाचा होत्या. लहानपणी रोज पाणी मीच शेंदायचो. तरी ओळखायला हसनभाई लागले.