धरणाखालचं बिऱ्हाड

आमच्या धरणावर आलेला पाहुणा आधी वर चढतो. भरावावर उभा राहून पाणी बघतो, मागच्या डोंगरासकट फोटो काढतो. सबनीस मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा जीपमधून उतरून सरळ खाली गेल्या. भरावाच्या पायथ्याशी गवत, चिखल आणि म्हशींच्या खुरांचे ठसे याशिवाय काही नसतं. तिथे त्या वाकून वाकून चालत राहिल्या. मधेच उकिडव्या बसत, गवत बाजूला सारत, जमिनीवर तळवा टेकवत. मी अंगणवाडीच्या दारातून बघत होते. बाईंचं काहीतरी पडलं असावं असं वाटून जवळ गेले.

"मॅडम, वर चला ना. वरून पाणी छान दिसतं."

"पाणी सगळेच बघतात," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मला माती बघू दे."

कर्जत आणि खालापूर यांच्या मधल्या डोंगरपट्ट्यातलं हे मातीचं लहानसं धरण. पाऊस संपल्यावर आमच्याकडे जे हिरवं उरतं ते त्याच्याच जिवावर. पाटाच्या पाण्यावर उन्हाळी भात होतो, काकडी, भेंडी, कारली होतात आणि टेंपोने बाजारात जातात. गुरं तिथे पितात, मासे तिथले, आणि आमच्या विहिरींना मे महिन्यातही पाणी असतं तेही त्याचंच झिरपलेलं. भरावाच्या अगदी खाली ठाकर आदिवासींची खालची वाडी. माझी अंगणवाडीही तिथेच. इतकी वर्षं डोक्यावर तलाव घेऊन आम्ही राहत होतो आणि त्याचा विचारही करत नव्हतो.

मॅडम पाटबंधारे खात्यात अभियंता होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि हातात काठीसारखी वापरायची छत्री. कल्याणला घर, घरी म्हातारी आई. लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी विचारलेलं त्यांना चालत नसे. सांडव्यात, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडायच्या वाटेत, आमच्याच शेतकऱ्यांनी मातीच्या गोण्या रचल्या होत्या, जास्त पाणी साठावं म्हणून. त्या त्यांनी स्वतः उभ्या राहून काढायला लावल्या. लोक कुरकुरले. मॅडम म्हणाल्या, "सांडवा म्हणजे धरणाचा श्वास. तो कोंडलात तर पाणी भरावाच्या डोक्यावरून जाईल. आणि मातीच्या धरणाच्या डोक्यावरून पाणी गेलं की धरण राहत नाही." शहरातून येऊन त्याच सांडव्यात बाटल्या घेऊन बसणाऱ्या पोरांनाही त्यांनी छत्री उगारून हाकललं होतं. त्यांचं आणखी एक वाक्य वाडीतल्या मुलांना पाठ झालं होतं: "धरणावर विश्वास ठेवायचा नाही, लक्ष ठेवायचं."

एका वर्षी श्रावणात पावसाने उसंत दिली नाही. तलाव काठोकाठ भरला, सांडवा धो धो वाहू लागला. एका दुपारी वाडीतला राघो गुरं वळवून येताना माझ्याकडे आला. "बाई, पायथ्याचा झरा लाल झालाय." पायथ्याशी एके ठिकाणी पाणी नेहमीच पाझरायचं, पण ते नितळ असायचं. मी मॅडमना फोन लावला. त्या कर्जतलाच होत्या. आल्या, अंगणवाडीतला स्टीलचा पेला मागून घेतला, झऱ्याचं पाणी भरलं आणि पेला दगडावर ठेवून वाट बघत बसल्या. पाऊस लागू नये म्हणून त्यावर छत्री धरली होती, स्वतः भिजत होत्या. थोड्या वेळाने पाणी हळूच ओतून पेला माझ्यासमोर धरला. तळाला लाल माती बसली होती.

"भराव आतून वाहून चाललाय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "वाडी रिकामी करायची. आत्ता."

हिराबाई वाडीतली सगळ्यात जुनी बाई. ती दारातून म्हणाली, "भात हाय गं बाय चुलीव. शिजू तरी दे."

"भांड्यासकट उचला हिराबाई. वर शाळेत शिजेल."

मुलं, म्हातारी माणसं, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं टेकाडावरच्या शाळेत गेलं. गावातले पुरुष फावडी घेऊन धावले ते झऱ्याचं भोक बुजवायलाच. मॅडम झऱ्याच्या तोंडाशी हात पसरून उभ्या राहिल्या. "बुजवायचं नाही! कोंडलेलं पाणी दुसरीकडून फोडून बाहेर येईल. पाणी जाऊ दे, माती थांबवा." पाटाचं दार त्यांनी पूर्ण उघडायला लावलं होतं, तलाव हलका व्हावा म्हणून. मग झऱ्यावर आधी रेती, तिच्यावर खडी, तिच्यावर मोठे दगड असे थर घालायला सांगितले. एका घराच्या बांधकामासाठी आणलेली रेती होती, ती पाट्यांतून हातोहात आली. आम्ही बायका रांगेत होतो. समोर पाण्याने गच्च भरलेला तो हिरवा भराव, आणि त्याच्या पायाशी ही बाई गुडघाभर चिखलात. सारखं वाटत होतं, आता पळावं. पण त्या पाठ भरावाकडे करून आमच्याकडे तोंड करून उभ्या होत्या, म्हणून कोणी हललं नाही.

अंधार पडायच्या आत दगडांमधून येणारं पाणी नितळ झालं. मॅडमनी ते ओंजळीत घेतलं, बघितलं आणि मग त्या तिथेच खाली बसल्या. त्यांना उठवायला दोघींना हात द्यावा लागला.

पाऊस सरल्यावर तलाव रिकामा केला आणि भराव त्या जागी खोदला. जुन्या झाडाचं कुजून गेलेलं मूळ आत सापडलं. त्याच्या पोकळीतून पाण्याने वाट काढली होती. चिकणमातीचे थर घालून, पाणी मारून, रूळ फिरवून भराव पुन्हा चढवला. मॅडम प्रत्येक थरावर टाच रोवून बघत. तो उन्हाळा पाट कोरडा राहिला. काकडीचे मांडव रिकामे, विहिरी तळाला. गावात लोक त्यांना तोंडावर बोलले. त्या ऐकून घेत आणि पुढच्या थराकडे वळत.

काम झालं, पण खालच्या वाडीतलं कोणीही घरी परतेना. सगळे शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते, आणि पावसाळा तोंडावर आला होता. मॅडमनी सभेत भराव कसा बांधलाय ते समजावलं. सगळं ऐकून झाल्यावर हिराबाई उठली.

"तुमी सांगता ते खरं असंल. पन तुमी जाल कल्यानला. माझी नातवंडं ऱ्हातील ततं. तुमी ऱ्हाल का?"

मॅडम म्हणाल्या, "राहीन."

आम्हाला वाटलं, बोलायची गोष्ट. पण पाऊस सुरू व्हायच्या आधी एक टेंपो आला. त्यात दोन खाटा, स्टोव्ह, भांडी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी पांढऱ्याशुभ्र केसांची मॅडमची आई, माई. हिराबाईला विचारून तिच्याच रिकाम्या घरात त्यांनी बिऱ्हाड मांडलं. मॅडमच्या भावाचा फोन आला तेव्हा मी तिथे होते. तो इतक्या मोठ्याने ओरडत होता की मलाही ऐकू येत होतं: आईला कशाला नेलंस? मॅडम एवढंच म्हणाल्या, "आईला इथे ठेवायला मी घाबरत असेन, तर दुसऱ्यांच्या मुलांना इथे राहा म्हणायचा मला काय हक्क?"

तलाव पुन्हा भरला. सांडव्याच्या आवाजाने वाडीत बोलणं ऐकू येईना. त्या आठवड्यात एका सकाळी मी भीत भीत खाली गेले. माई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या केसांमागे, पावसाच्या पडद्याआड, तो प्रचंड भराव.

"माई, भीती नाही वाटत?"

"वाटते की गं," त्या म्हणाल्या. "पण आमची वनू रोज सकाळी भरावाच्या पायथ्याशी जाते, बघून येते आणि मला सांगते, आज राहू. उद्या ती म्हणाली चला, तर मी चप्पल घालायलाही थांबणार नाही."

त्याच वेळी उतारावरून हिराबाई येताना दिसली. डोक्यावर गाठोडं, कमरेवर धाकटी नात. ओटीवर गाठोडं टाकत ती मला म्हणाली, "माज्या घरात परकी म्हातारी बसलीय, आन मी वर पत्र्याखाली? हे काय बरं दिसत नाय." मग माईंकडे वळली. "सरका जरा. वाल असं सोलतात व्हय?"

त्या पावसाळ्यात तीन पिढ्या त्या घरात एकत्र राहिल्या. हिराबाई परतली तशी बाकीची घरंही एकेक करून उघडली. दिवाळीनंतर पाटाला पाणी सुटलं तेव्हा मॅडमनी दार उघडायचा मान हिराबाईला दिला. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. राघो आणि वाडीतल्या बायका अजून पावसाळ्यात रोज पायथ्याची फेरी मारतात.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात मॅडम आजारी पडल्या आणि गेल्या. आम्ही काही जणी हिराबाईला घेऊन कल्याणला गेलो. माई खिडकीशी बसल्या होत्या, फार वाळलेल्या. मॅडमचा भाऊ चांगला माणूस. आईला पुण्याला न्यायचं म्हणत होता, पण माई खिडकीबाहेरच बघत होत्या. हिराबाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग हिराबाई म्हणाली, "घर हाय. चला."

माईंनी पहिल्यांदा मान वळवली. "आत्ता? पावसाळा लागलाय."

"म्हनून तर," हिराबाई म्हणाली. "तुमची लेक नाय सांगायला. आता मी सांगन, आज ऱ्हाऊ."

माई उठल्या आणि चपला शोधू लागल्या.